दहा बाय दहाच्या खोलीला बॉर्डरच्या लाद्या ४० की ३६?

परळहून एका ताईंनी विचारलंय. त्यांच्या १० बाय १० च्या खोलीत एक फुटाची नवी लादी बसवायची आहे आणि भिंतीलगत चारही बाजूंनी गडद रंगाची एक ओळ हवी आहे. सहावीतल्या लेकीने लगेच हिशेब मांडला : परिमिती म्हणजे ४ गुणिले बाजू, म्हणून गडद लाद्या ४०. मिस्त्री म्हणतो, ३६ पुरे. लेक हट्टाला पेटली आहे की पुस्तकातलं सूत्र चुकूच शकत नाही, आणि ताईंना वाटतंय की चार लाद्यांत काहीतरी गोम आहे. दुसरा प्रश्न त्यांच्या भावाचा. माहेर वरळीच्या बीडीडी चाळीतलं. पुनर्विकासात १६० चौरस फुटांच्या खोलीच्या बदल्यात ५०० चौरस फुटांचं घर, म्हणजे तिपटीहून जास्त. मग आत उभं राहिलं की घर तिप्पट का वाटत नाही?

मी २८ वर्षं लादीकाम आणि प्लास्टरची कामं घेतोय. गिरगाव, लालबाग, परळ इथल्या जुन्या खोल्या जास्त केल्या, आणि त्यांनीच मला भूमिती शिकवली. शाळेत पाठ केलेली सूत्रं तिथे प्रत्येक कोपऱ्यात अडखळायची.

ताई, मिस्त्री बरोबर आहे आणि तुमची लेकही चुकलेली नाही. तिचे ४० हे फूट आहेत, मिस्त्रीच्या ३६ या लाद्या आहेत. परिमिती म्हणजे भिंतीच्या पायथ्याने चालणाऱ्या मुंगीचा रस्ता. त्या रस्त्याला लांबी असते, रुंदी नसते. लादीला रुंदी असते, आणि रुंदी आली की कोपऱ्यात भानगड होते.

लेकीला चौकटीची वही घेऊन बसवा. १० घरं आडवी, १० उभी असा चौरस आखून कडेची घरं रंगवायची. वरच्या ओळीत १० घरं भरतील. उजव्या बाजूने खाली उतरताना पहिलं घर आधीच रंगलेलं सापडेल, म्हणून तिथे ९. खालच्या ओळीत पुन्हा ९. डावीकडून वर येताना दोन्ही टोकांची घरं भरलेली, म्हणजे ८च. बेरीज ३६. मिस्त्री असं मोजत नाही. तो प्रत्येक भिंतीला ९ लाद्या देतो : या कोपऱ्यापासून सुरुवात, पुढच्या कोपऱ्याच्या अलीकडे थांबायचं, तो कोपरा पुढच्या भिंतीच्या खात्यात. नऊ चोक छत्तीस.

मग चार फूट गेले कुठे? कुठेच नाहीत. कोपऱ्यातली लादी नीट बघा. ती एका भिंतीला एक फूट चिकटलेली असते आणि दुसऱ्या भिंतीलाही एक फूट. म्हणजे एकटी कोपऱ्याची लादी दोन फूट भिंत सांभाळते. अशा चार लाद्यांनी ८ फूट सांभाळले, उरलेल्या ३२ लाद्यांनी प्रत्येकी एक. ८ आणि ३२ मिळून ४०. लेकीचं सूत्रही जुळलं, मिस्त्रीचा आकडाही जुळला.

तिला आवडेल अशी आणखी एक गोष्ट. बाहेरच्या ओळीत ३६ लाद्या, त्याच्या आतल्या वेढ्यात २८, मग २०, १२ आणि मधोमध ४. प्रत्येक वेढा आधीच्यापेक्षा बरोबर ८ ने लहान, आणि सगळ्यांची बेरीज १००. खोली ९ बाय ९ असती तर वेढे ३२, २४, १६, ८ आणि मध्ये एकटी १ लादी, एकूण ८१. खोलीच्या मध्यावर नक्षीची एकच लादी हवी असं गिऱ्हाईक म्हणालं की आम्ही आधी विषम आकडा बसतो का ते बघतो. सम आकड्यात मधली लादी नसते, मध्यावर चार लाद्यांचा सांधा येतो.

आता उलट बाजू. गिरगावातल्या एका वाडीत पिंपळाचा पार होता, १० फूट चौरस. त्याच्या बाहेरून एक फुटी लाद्यांची एक ओळ फिरवायची होती. पाराची परिमिती तीच, ४० फूट. लाद्या मात्र ४४ लागल्या. चार बाजूंना दहा-दहा लावल्यावर चारही कोपऱ्यांत एकेक चौकोनी खाच उघडी राहते, ती भरायला चार. चौरसाच्या आतून फिराल तर चार कमी, बाहेरून फिराल तर चार जास्त. जमिनीवर प्रत्यक्ष ओळ टाकेपर्यंत हे डोक्यात शिरत नाही, माझ्याही शिरलं नव्हतं.

धंद्यात नवा होतो तेव्हा एका जुन्या इमारतीत नक्षीदार सिमेंटच्या लाद्यांची बॉर्डर करायची होती. त्या बॉर्डरमध्ये वेलीची नक्षी असते. सरळ लादीत वेल सरळ जाते आणि कोपऱ्याच्या लादीत वळते, म्हणून कोपऱ्याचा साचा वेगळा. मी बेधडक ४० सरळ लाद्यांची ऑर्डर दिली. खोलीला लागत होत्या ३२ सरळ आणि ४ कोपऱ्याच्या. आठ लाद्या अंगावर पडल्या आणि हव्या त्या चार नव्हत्याच. कोपऱ्याच्या लाद्या पाडून, सुकवून येईपर्यंत घरमालकिणीने रोज संध्याकाळी त्या चार उघड्या खड्ड्यांकडे बोट दाखवून मला विचारलं, ‘‘भाऊ, आज तरी?’’ तेव्हापासून मी कोपरे आधी मोजतो आणि बाजू नंतर.

लेक थोडी मोठी झाली की तिला हेच दुसऱ्या वाटेने दाखवता येईल. बॉर्डरच्या लाद्यांच्या बरोबर मधून एक रेघ काढा. ती भिंतीपासून अर्धा फूट आत, म्हणजे ९ बाय ९ च्या चौरसावरून जाते. त्याची परिमिती ३६. लाद्यांची संख्या मधल्या रेघेवर मोजली की कोपऱ्याचा गोंधळ आपोआप मिटतो. इमारतीच्या अंदाजपत्रकात भिंतीची विटांची मोजमापं याच रीतीने काढतात, तिला सेंटर लाइन पद्धत म्हणतात. आतून १० बाय १० ची खोली, ९ इंची भिंत. आतून मोजाल तर ४० फूट, बाहेरून ४६, आणि विटा लागतात त्या मधल्या ४३ फुटांच्या. आतला आकडा धरला तर माल कमी पडतो, बाहेरचा धरला तर बिलात चार कोपरे दुप्पट चढतात. वाद पुष्कळदा इथेच होतो आणि मालक व कंत्राटदार दोघेही आपापल्या टेपवर हात ठेवून शपथ घ्यायला तयार असतात.

घरात कॅरम असेल तर तोही काढा. खेळायची जागा साधारण ७४ सेंटिमीटर चौरस, परिमिती २९६ सेंटिमीटर. भोवतीची लाकडी पट्टी ७ सेंटिमीटर रुंद धरा. ७४ च्या चार पट्ट्या कापल्या तर चारही कोपऱ्यांत ७ बाय ७ ची भोकं राहतील. ८१ च्या चार कापल्या आणि प्रत्येकीचं एक टोक पुढच्या पट्टीच्या पोटाला टेकवलं, तर चौकट पुरी होते : ३२४ सेंटिमीटर, पुन्हा मधल्या रेघेचाच आकडा. मिस्त्रीची नऊ चोक छत्तीसवाली रीत आणि ही एकच. पट्ट्यांची टोकं ४५ अंशांत तिरकी कापून जोडायची असतील तर मात्र ८८ च्या चार घ्याव्या लागतात, कारण प्रत्येक पट्टीची बाहेरची कड कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत जाते. कॅरम चांगला की वाईट हे मी अजून कोपऱ्याचा सांधा बघून ठरवतो.

मोजमापाची भाषा एकदा पक्की करून घ्या, कारण बिलात तीच येते. स्कर्टिंग, म्हणजे भिंतीच्या पायथ्याची पट्टी, रनिंग फुटावर. तिथे परिमिती, वजा दरवाजा. दरवाजा ३ फुटांचा असेल तर ३७. लादी चौरस फुटावर, तिथे क्षेत्रफळ. प्लास्टर आणि लादीच्या मोठ्या कामात आम्ही ब्रासमध्ये बोलतो, १०० चौरस फूट म्हणजे एक ब्रास. तुमची खोली बरोबर एक ब्रास. रेतीचा ब्रास वेगळा, तो १०० घनफुटांचा.

आणि एक फसवा शब्दप्रयोग. ‘दहा फूट चौरस’ म्हणजे ज्याची प्रत्येक बाजू दहा फूट आहे तो चौरस, क्षेत्रफळ १००. ‘दहा चौरस फूट’ म्हणजे नुसतं क्षेत्रफळ १०, एखाद्या मोरीएवढं. शब्दांची जागा बदलली की दहापट फरक. फोनवर ऑर्डर देताना मी हे दोन्ही शब्द टाळतो आणि ‘दहा बाय दहा’ म्हणतो.

मोरीवरून आठवलं. चाळीच्या खोलीत कोपऱ्यात मोरी असतेच. १० बाय १० मध्ये ३ बाय ३ ची मोरी धरा. तिची लादी वेगळी, म्हणून मोठ्या लादीचं क्षेत्रफळ १०० मधून ९ जाऊन ९१. आता उरलेल्या जागेची परिमिती किती? मी हा प्रश्न नव्या पोरांना मुद्दाम विचारतो. कोणी २८ म्हणतं, कोणी ३४. उत्तर आहे ४०, जशीच्या तशी. भिंतीचे ३ आणि ३ फूट मोरीत गेले, मोरीच्या कठड्याचे ३ आणि ३ फूट बदल्यात आले. क्षेत्रफळ घटलं आणि परिमिती हलली नाही. हीच मोरी एखाद्या भिंतीच्या मध्यावर असती तर भिंतीचे ३ गेले असते आणि कठड्याच्या तीन बाजूंचे ९ आले असते : ४६. क्षेत्रफळ तेच ९१, स्कर्टिंग सहा फूट जास्त. कोपऱ्यातून चौकोन कापला की एका कोपऱ्याचे तीन होतात आणि आकृतीला सहा कोपरे येतात, मध्यावरून कापला तर आठ. चौकोनी टेबलाचा एक कोपरा कापला तर किती कोपरे उरतील, हे कोडं लेकीने ऐकलं असेलच. तीन म्हणणारे अजून भेटतात.

कोपऱ्याबद्दल पुस्तकात एक ओळ असते : चौरसाचे चारही कोन काटकोन. आमचं निम्मं आयुष्य त्या एका ओळीत जातं. चारही भिंती दहा-दहा फूट भरल्या म्हणून खोली चौरस झाली असं नाही. सांधे ढिले झालेली खाट आठवा. चारही बाजू तेवढ्याच लांब, पण ढकलली की तिरकी. तिची परिमिती बदलत नाही, क्षेत्रफळ मात्र कमी होत जातं. त्या आकाराला समभुज चौकोन म्हणतात.

लालबागला एका खोलीत समोरची भिंत अशी सहा इंच एका बाजूला सरकलेली होती. चारही बाजू दहा फूट. क्षेत्रफळातला तोटा किती? चौरस फुटाचा आठवा भाग, म्हणजे बिलात दिसणारही नाही. पण कोपरा ते कोपरा टेप धरला तर एक कर्ण जवळजवळ साडेचौदा फूट आणि दुसरा पावणेचौदाच्या थोडा वर. साडेआठ इंचांचा फरक. अशा खोलीत एका भिंतीला समांतर लादी टाकत गेलात तर बाजूच्या भिंतीपाशी कापलेली लादी एका टोकाला सहा इंच रुंद आणि दुसऱ्या टोकाला शून्य. तो पाचर कोणाच्याही नजरेत भरतो, अगदी पाहुण्यांच्याही. क्षेत्रफळाने काहीच सांगितलं नाही, कर्णांनी सगळं सांगितलं. म्हणून खोली बघायला गेलो की मी पहिले दोन कर्ण मोजतो. बरोबर चौरस असेल तर १० बाय १० ला दोन्ही कर्ण १४ फूट पावणेदोन इंचांच्या आसपास भरतात.

एकच कोपरा तपासायचा असेल तर छोटा गुण्या, म्हणजे काटकोन बघायचं अवजार, पुरत नाही. फूटभराच्या गुण्यात केसाएवढी चूक असली तरी दहा फुटांवर ती दहापट होते. त्यापेक्षा कोपऱ्यापासून एका भिंतीवर ६ फुटांवर खूण, दुसरीवर ८ फुटांवर खूण, आणि दोन खुणांमध्ये टेप. १० फूट भरले तर काटकोन. जास्त भरले तर कोपरा उघडलाय, कमी भरले तर मिटलाय. तीन-चार-पाचचीच ही दुप्पट. लेकीला पुढे पायथागोरसचं प्रमेय येईल तेव्हा हीच खूण ओळखीची निघेल.

आता भावाचं. १६० चौरस फूट क्षेत्रफळ असलेला चौरस काढला तर त्याची बाजू सुमारे १२ फूट ८ इंच. ५०० चौरस फुटांच्या चौरसाची बाजू सुमारे २२ फूट ४ इंच. क्षेत्रफळ ३ पटींच्या वर गेलं, बाजू पावणेदोन पटींच्या जरा वर. डोळा भिंतीची लांबी बघतो, क्षेत्रफळ बघत नाही. शिवाय ते ५०० एका सलग चौरसात नाहीत, खोल्या, स्वयंपाकघर, संडास-बाथरूम यांत वाटलेले आहेत. भावाला म्हणावं, जुन्या खोलीचं माप खडूने नव्या घराच्या फरशीवर आखून बघ. असे तीन चौरस बसून वर थोडी जागा उरेल, फक्त ते तुकड्या-तुकड्यांत बसतील.

बाजू दुप्पट केली तर परिमिती दुप्पट होते आणि क्षेत्रफळ चौपट. ५ बाय ५ ला २५ लाद्या, १० बाय १० ला १००. मग क्षेत्रफळ नेमकं दुप्पट हवं असेल तर बाजू किती घ्यायची? मूळ चौरसाचा कर्ण. तुमच्या खोलीच्या १४ फूट पावणेदोन इंचांच्या कर्णावर चौरस उभारला तर तो २०० चौरस फुटांचा होतो. यज्ञवेदी आखणाऱ्यांच्या बौधायन शुल्बसूत्रात हे दोरीच्या भाषेत सांगितलेलं आहे : चौरसाच्या कर्णाची दोरी दुप्पट भूमी करते. शुल्ब म्हणजे दोरीच. आमच्या लाइनदोरीची ती पणजी म्हणा.

लेकीने विचारलंय म्हणून एक राहिलं. ४ बाय ४ च्या चौरसात परिमितीही १६ आणि क्षेत्रफळही १६, मग दोन्ही एकच झाले का? तोच चौरस इंचांत मोजायला लावा. परिमिती १९२ इंच, क्षेत्रफळ २३०४ चौरस इंच. आकडे फुटांत जुळले ते योगायोगाने. दोरीची लांबी आणि चटईची जागा यांची तुलनाच होत नाही.

सूत्राने काढलेलं क्षेत्रफळ आणि दुकानातून आणायचा माल यांत अजून एक खड्डा आहे. ‘दोन बाय दोन’ म्हणून विकली जाणारी लादी ६०० मिलिमीटरची असते. खरे दोन फूट ६०९.६ मिलिमीटर. चार लाद्यांचा खोका १६ चौरस फुटांचा नसून साडेपंधराचा. १० बाय १० ला क्षेत्रफळाच्या हिशेबाने २६ लाद्या येतात. पण पाच लाद्या ३००० मिलिमीटरला संपतात आणि दहा फूट म्हणजे ३०४८. उरलेली ४८ ची चिंचोळी पट्टी वाईट दिसते म्हणून कोणी म्हणालं की दोन्हीकडे सारखे कट द्या, तर मधे ४ बाय ४ अख्ख्या लाद्या, चारही बाजूंना ३२४ मिलिमीटरचे तुकडे आणि चार कोपरे. एका लादीतून ३२४ चा एकच तुकडा निघतो, उरलेला २७६ चा कुठेच चालत नाही. मोजा : १६ आणि १६ आणि ४, म्हणजे ३६ लाद्या. क्षेत्रफळाने २६, कटिंगने ३६. इथे मिस्त्रीने जास्त माल मागितला तर तो लबाड नसतो.

तुमची एक फुटाची लादीही खरी ३०० मिलिमीटर, म्हणजे दहा लाद्यांत दोन इंचांना जरा कमी अशी तीच ४८ ची जागा उरेल. दहा फूट हे जुनं प्लास्टर काढून उघड्या भिंतीवर घेतलेलं माप असेल तर बरीचशी नव्या प्लास्टरच्या थरांत जाते, बाकी सांधे आणि स्कर्टिंग खातात. प्लास्टर झाल्याशिवाय लादीचं अंतिम माप घेऊ नका. मोरी त्याच खोलीत कोपऱ्यात असेल तर गडद ओळ तिच्या कठड्यापाशी तीनदा वळेल, आणि वहीवर ती घरं पुन्हा रंगवून मोजायला हवीत. ३ बाय ३ च्या मोरीला माझ्या मोजणीने ३६च येतात, पण ते लेकीकडून काढून घ्या. गडद लाद्या ३६ लागतील तिथे ३९ मागवा, एकाच लॉटच्या. वरच्या तीन फुटतुटीला.